‘हॉन्टिंग अ‍ॅडलिन’नंतर काय वाचू? आधी तू अर्धवट टाकलेल्या पुस्तकाबद्दल बोलू

प्रश्न ऐरोलीच्या एका सत्तावीस वर्षांच्या मुलीचा आहे, थोडक्यात असा: “ताई, हॉन्टिंग अ‍ॅडलिन दोन रात्रीत संपवलं. त्याचा दुसरा भाग, हंटिंग अ‍ॅडलिन, मात्र निम्म्यात सोडला, पुढे जाववेना. नंतर ट्विस्टेड सिरीज वाचली तर ती फारच गोड निघाली. मला पहिल्यासारखी धडधड हवीय पण दुसऱ्यासारखं आजारी पडल्यासारखं वाटायला नको. सिरीजच सांगा, एकटं पुस्तक नको, ऑफिसला जाता येता ट्रेनमध्ये वाचते.”

ताई म्हणालीस तर मी पण सरळ अगं-तुगंच करते. ठाण्याला नौपाड्यात आमची लायब्ररी आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली, मी काउंटरवर बसायला लागून एकोणीस वर्षं झाली. दुपारी जेवणं आटपून बायका यायच्या आणि मिल्स अँड बूनचे चार-चार गठ्ठ्याने बदलून न्यायच्या ते दिवस मी पाहिलेत. आता त्याच कपाटात डार्क रोमान्स आहे, म्हणजे पाठलाग, पळवापळवी, सक्ती असलेल्या प्रेमकथा, खालचे दोन खण, मुद्दाम खालचे, कारण डोळ्यासमोर ठेवलं की क्लासला जाणाऱ्या पोरी उभ्या उभ्या चाळायला लागतात. तुझ्यासारखा प्रश्न आठवड्यातून तीन-चारदा तरी येतो. फक्त बाकीच्या जणी काय आवडलं तेवढंच सांगतात, तू काय सोडलंस तेही सांगितलंस, माझं निम्मं काम तिथेच झालं.

माझी एक सवय आहे, पुस्तक परत आलं की कपाटात लावायच्या आधी ते चाळते. आत टीएमटी बसचं तिकीट सापडतं, औषधाच्या दुकानाचं बिल सापडतं, एकदा तर वाणसामानाची अख्खी यादी सापडली होती. संपवलेल्या पुस्तकात खूण सहसा राहत नाही गं, सोडलेल्या पुस्तकातच राहते. आणि हंटिंग अ‍ॅडलिनच्या माझ्या दोन्ही प्रतींमध्ये तिकिटं कायम साधारण त्याच भागात सापडतात, नायिकेला पळवून नेऊन एका घरात ठेवतात तिथल्या पानांवर. म्हणजे तू एकटी नाहीस.

आता त्या दोन भागांत नेमकं काय बदलतं ते बघ, कारण पुढची सगळी निवड त्यावर आहे. एच. डी. कार्लटनचा पहिला भाग २०२१चा, दुसरा २०२२चा. पहिल्यात काय आहे, आजीकडून आलेला जुना वाडा, पणजीच्या डायऱ्या, घरात कोणीतरी येऊन गेल्याच्या खुणा, गुलाबाची फुलं. धोका एकच आणि तो म्हणजे खुद्द नायक झेड. तो माणूस नायिका अ‍ॅडलिनसाठी वेडा आहे हे आपल्याला माहीत असतं म्हणून भीती वाटते पण त्या भीतीला एक कुंपण असतं. दुसऱ्यात ते कुंपणच पडतं. अ‍ॅडलिन तस्करांच्या हातात सापडते, तिला छळणारे लोक तिच्यावर प्रेम वगैरे करणारे नाहीत, ते नुसते राक्षस आहेत, आणि झेड शंभर पानं लांब कुठेतरी शोध घेतोय. पहिल्या भागातही संमतीच्या नावाने काय काय घडतं ते तू वाचलंयस आणि ते तुला चाललं, तेव्हा तुला डार्क नायकाचा त्रास नाहीये. तुला त्रास आहे तो नायिका तिऱ्हाईतांच्या हातात एकटी पडण्याचा. हे फार स्पष्ट आहे आणि यावरून मी डोळे मिटून चार सिरीज बाजूला काढून ठेवू शकते.

पण त्याआधी एक गोंधळ मिटवू. पुष्कळ जणी डार्क आणि स्पाइसी एकच समजतात. स्पाइसी म्हणजे शरीरसंबंधांचे उघड प्रसंग, डार्क म्हणजे भीती, सक्ती, क्रूरपणा. ट्विस्टेड सिरीज तुला कोणीतरी ‘खूप डार्क आहे’ म्हणून सांगितली असणार, बरोबर? तिखट वेगळं आणि कडू वेगळं. मामलेदारची मिसळ खाऊन डोळ्यातून पाणी येतं पण ती कडू आहे असं कोणी म्हणणार नाही. अ‍ॅना हुआंगची ट्विस्टेड लव्ह आणि तिच्या पुढची तीन ही तिखट आहेत, डार्क फार तर अ‍ॅलेक्स वोल्कोव्हचा सूट. वाईट नाहीत, माझ्याकडे सगळ्यात जास्त फिरणाऱ्या पुस्तकांत आहेत, पण ज्याला कारल्याची सवय लागलीय त्याला ती गोडच लागणार. उलट काही पुस्तकं भयंकर कडू असतात आणि त्यात तिखट जेमतेम. पुस्तक मागताना दोन्ही वेगळं वेगळं सांगायचं, तिखट किती, कडू किती.

तर तुझ्यासाठी पहिलं नाव, नव्हेसा अ‍ॅलनचं ‘लाइट्स आउट’, २०२४चं, ‘इन्टू डार्कनेस’ सिरीजमधलं पहिलं. नायिका अ‍ॅली ट्रॉमा नर्स आहे, दिवसभर इमर्जन्सीत रक्त बघून घरी येते आणि फोनवर मास्क घातलेल्या माणसांचे व्हिडिओ बघत बसते. त्यातल्या एकाच्या पोस्टखाली ती धीट कॉमेंट करते आणि तो माणूस खरंच तिच्या घरात घुसतो. आता हे ऐकायला झेडसारखंच आहे, अंधार, मास्क, कॅमेरे, कॉम्प्युटरमधला कीडा असलेला नायक, सगळं आहे. फरक असा की जॉश नावाचा हा प्राणी आतून घाबरट आहे, स्वतःच्या वेडेपणावर स्वतःच विचार करत बसतो, आणि अ‍ॅली त्याच्यापेक्षा दोन पावलं पुढे असते. हसायला येतं गं! रात्री अकराला मी फिस्सकन हसले तर नवरा उठून बसला. धडधड आहे, आणि तिऱ्हाईत राक्षसाच्या हातात नायिका शेकडो पानं सडत नाही. दुसरं पुस्तक ‘कॉट अप’ २०२५चं, त्यात जोडी बदलते पण दुनिया तीच, गुन्हेगारी घराण्यातला नायक. पहिल्याची मजा मला जास्त वाटली, दुसऱ्यात ती खोडकर हवा थोडी कमी झालीय. तरी सलग वाच.

दुसरी सिरीज ब्रिन वीव्हरची, ‘रुइनस लव्ह’ ट्रिलजी. ‘बुचर अँड ब्लॅकबर्ड’ (२०२३), ‘लेदर अँड लार्क’ (२०२४), ‘सिथ अँड स्पॅरो’ (२०२५). पहिल्यातले नायक-नायिका दोघंही सिरीयल किलर, आणि मारतात कोणाला तर बाकीच्या सिरीयल किलर्सना. दोघांची ओळख होते तेव्हा ती एका मेलेल्या माणसाच्या घरात पिंजऱ्यात अडकलेली असते, तिनेच मारायला घेतलेला माणूस, आणि मग दोघांची दरवर्षीची पैज लागते, यंदाचा आधी कोण टिपतं. म्हणजे आपल्याकडे दरवर्षी नाक्यावरची दोन मंडळं दहीहंडीत एकमेकांना आव्हान देतात ना, तसं, फक्त हंडीच्या जागी माणूस. इथे नायक नायिकेशी कमालीचा चांगला वागतो, अगदी जेवू-खाऊ घालतो, त्यामुळे तुझी अडचण इथे येणारच नाही. अडचण वेगळी येईल. किळस! पुस्तकाच्या सुरुवातीला लेखिकेने इशाऱ्यांची यादी दिलीय, ती वाचतानाच हसू येतं पण त्या यादीत नरमांसभक्षण आहे आणि ते गमतीने लिहिलेलं नाहीये, खरंच आहे. ट्रेनमध्ये वडापाव खाता खाता वाचू नकोस एवढंच सांगते. आमच्या एका मेंबरने त्यानंतर आइस्क्रीम सोडलं, का ते वाचलंस की कळेल.

तिन्ही पुस्तकं केन भावांची आहेत, एकेक भाऊ एकेक पुस्तक. पहिलं मुख्यतः रोवनचं, दुसऱ्यात लॅकलनचं सोयीसाठी केलेलं लग्न, तिसऱ्यात डॉक्टर असलेला फिऑन आणि सर्कशीत मोटरसायकल चालवणारी रोझ. अशा सिरीजला इंटरकनेक्टेड स्टँडअलोन म्हणतात, प्रत्येक पुस्तकाची गोष्ट तिथेच संपते. हे तुझ्यासाठी महत्त्वाचं आहे कारण तू प्रवासात वाचतेस. ड्युएट म्हणजे दोन भागांची गोष्ट किंवा एकाच जोडीची ट्रिलजी असली की पहिला भाग नेमका कड्यावर नेऊन सोडतात आणि दुसरा भाग लायब्ररीत दुसऱ्याच्या नावावर असतो. मग मला फोन येतात. रात्री साडेदहाला. “ताई, दुसरा भाग कोणाकडे आहे, मी जाऊन घेऊन येते.” अगं कसं सांगू कोणाकडे आहे!

माफियाकडे वळू, कारण ठाण्यात सगळ्यात जास्त तेच चालतं. आणि का चालतं याबद्दल माझं एक ठाम मत आहे, हसू नकोस. माफिया रोमान्स म्हणजे शेवटी बैठकीतलं लग्न आहे. दोन घरांचे बाप बसतात, ठरवतात, मुलीला विचारल्यासारखं करतात किंवा तेही नाही, मुलगी नटून येते, सासरचं घर भीतीदायक, नवरा बोलत नाही, आणि मग हळूहळू तो फक्त तिच्यापुढे विरघळतो. आपल्याला हे सगळं समजावून सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या वाचकांना ते गूढ वगैरे वाटत असेल, आमच्या सभासद बायका म्हणतात की आमच्या वेळी असंच होतं, फक्त पिस्तूल नव्हतं. कोरा रायलीचं ‘बाउंड बाय ऑनर’ (२०१४) बघ, शिकागो आणि न्यूयॉर्कच्या दोन घराण्यांचा समेट व्हावा म्हणून अरियाचं लग्न लूकाशी ठरवतात, ठरतं तेव्हा ती पंधरा वर्षांची आणि लग्न अठराव्या वर्षी. ‘बॉर्न इन ब्लड’ ही सिरीज तिथून सुरू होते, आणि पुढे त्याच जगातली ‘कॅमोरा क्रॉनिकल्स’ वगैरे इतकी फांदी-फांदी फुटलीय की मी काउंटरच्या काचेखाली वंशावळ लिहून ठेवलीय. लिखाण साधं आहे, कधी कधी फारच साधं, पण वाचून टाकायला उत्तम, ठाण्याला गाडीत बसून वाशीला उतरेपर्यंत दोन प्रकरणं आरामात होतात.

मात्र तुला माफियातलं एकच द्यायचं झालं तर मी डॅनिएल लोरीची ‘मेड’ सिरीज देईन. ‘द स्वीटेस्ट ऑब्लिव्हिअन’ २०१८चं. निकोचं लग्न एलेनाच्या बहिणीशी ठरलंय, आणि बघतोय तो एलेनाकडे. अख्खं पुस्तक म्हणजे नुसतं एकमेकांना टाळणं, एका टेबलावर जेवणं, जिन्यात समोरासमोर येणं. आधीच्या काळच्या आपल्या कादंबऱ्यांत कसं पदराला हात लागला तरी पान-दीड पान जायचं, तो संथपणा या बाईला जमलाय. दुसरं ‘द मॅडेस्ट ऑब्सेशन’ माझं सगळ्यात आवडतं, जिआना आणि एफबीआयमधला ख्रिश्चन, कितीतरी वर्षं दोघं एकमेकांचा द्वेष करण्यात घालवतात. या दोन्हींत कडूपणा बेताचा. तिसरं ‘द डार्केस्ट टेम्प्टेशन’ मात्र नावाप्रमाणे आहे, मॉस्कोत घडतं, बापावरच्या सुडापायी मुलीला डांबून ठेवलेली, आणि तिथे तुझ्या त्या कुंपणाची परीक्षा होईल. तरी डांबणाराच नायक आहे, बाहेरचे राक्षस फारसे नाहीत, तेव्हा मला वाटतं तुला झेपेल. नाही झेपलं तर दोनवर थांब, काही बिघडत नाही, दोन्हींच्या गोष्टी पूर्ण आहेत.

नेव्हा अल्ताजची ‘परफेक्टली इम्परफेक्ट’ पण खूप जणी मागतात. पहिलं ‘पेंटेड स्कार्स’, रशियन टोळीचा प्रमुख व्हीलचेअरवर आहे आणि नायिका चित्रकार, खोटं खोटं लग्न. छोटी पुस्तकं, नायक एकापेक्षा एक जखमी. डार्क म्हणशील तर फिकट करडं. दोन जड पुस्तकांच्या मधे खायच्या बडीशेपेसारखं वाच.

आता पेनलोपी डग्लसची ‘डेव्हिल्स नाइट’. ही मी तुला देऊ की नको यावर दोन दिवस विचार केला. ‘करप्ट’ (२०१५), ‘हाइडअवे’, ‘किल स्विच’, मधे ‘कॉन्क्लेव्ह’ नावाचं छोटंसं, मग ‘नाइटफॉल’ आणि शेवटी ‘फायर नाइट’. थंडर बे नावाचं श्रीमंतांचं गाव, चार मित्र, त्यातले तिघं तुरुंगातून सुटून आलेत आणि त्यांना वाटतंय की नायिका रिका हिच्यामुळे आपण आत गेलो. मास्क आहेत, रात्रीचा पाठलाग आहे, ओसाड जागा आहेत, तुला जी धडधड हवीय ती इथे भरपूर आहे, मला विचारशील तर हॉन्टिंगपेक्षा जास्त कसबाने लिहिलेली आहे. पण पहिल्याच पुस्तकात एका मुलीवर चार जण मिळून दबाव आणतात, अन् तिसऱ्यातल्या डेमनने जे केलेलं असतं ते माफ करायचं की नाही यावर आमच्याकडे दोन मैत्रिणींचं खरंच भांडण झालंय. ‘किल स्विच’ची नायिका अंध आहे, नाचणारी आहे, आणि तिच्या बाजूने लिहिलेले जे प्रसंग आहेत, फक्त आवाज, वास, जमिनीची थरथर, ते वाचून मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. म्हणून माझं म्हणणं असं, ही सिरीज तिसऱ्या नंबरवर ठेव, लाइट्स आउट आणि बुचर झाल्यावर. आणि क्रम अजिबात मोडायचा नाही, प्रत्येक पुस्तकाची जोडी वेगळी असली तरी गोष्ट एकच पुढे सरकते. ‘किल स्विच’ रीलमध्ये गाजलं म्हणून थेट तेच नेणाऱ्या मुली चार दिवसांत परत आणतात, कोण कोणाचा कोण कळत नाही म्हणून.

ज्यांपासून तू सध्या लांब राहायचं त्यांची नावंही सांगून टाकते, कारण पुढेमागे कोणीतरी ‘क्लासिक आहे’ म्हणून हातात देईलच. सी. जे. रॉबर्ट्सचं ‘कॅप्टिव्ह इन द डार्क’, २०११चं. आज जे डार्क रोमान्स म्हणून विकलं जातं त्याची पायवाट पाडणाऱ्या पुस्तकांपैकी हे एक, त्या काळात स्वतः छापून काढलेलं. केलेब एका मुलीला सुडासाठी पळवून विकायला तयार करतो, सरळ विषयच तो आहे. दुसरा भाग ‘सिड्यूस्ड इन द डार्क’ पहिल्यापेक्षाही ताकदीचा आहे असं मी म्हणेन, सगळं झाल्यावर ती मुलगी हॉस्पिटलमधून एफबीआयच्या माणसाला सांगतेय, आणि ते सांगणं किती खरं किती तिच्या मनाचं हे आपण ठरवायचं. पण हंटिंगमध्ये जे तुला सोसवलं नाही तेच इथे पहिल्या पानापासून आहे. पेपर विंटर्सचं ‘टियर्स ऑफ टेस’ (२०१३) तसंच. अ‍ॅना झायर्सचं ‘ट्विस्ट मी’ त्या मानाने हलकं, खाजगी बेटावर डांबलेली मुलगी आणि एकच माणूस, तरीसुद्धा नको, निदान या वर्षी नको.

आणि एक आडवाटेचं. तुला चालणार असेल तर सी. एस. पकाटची ‘कॅप्टिव्ह प्रिन्स’ ट्रिलजी. दोन राजपुत्रांची प्रेमकथा आहे, दोघंही पुरुष, एकाला गुलाम करून शत्रूच्या दरबारात पाठवलेलं आणि तिथल्या राजपुत्राला तो खरा कोण ते माहीत नाही असं सगळ्यांना वाटतं. पहिला भाग खडबडीत आहे, दरबारातल्या काही गोष्टी वाचून तोंड कडू होतं. पण दुसऱ्यापासून जे राजकारण सुरू होतं ना, घोडे, लढाया, डावपेच, आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेल्या माणसाला ते लगेच लागू पडतं. आधी इंटरनेटवर भागाभागाने यायचं, पुस्तक नंतर झालं. माझ्याकडे हे नेणाऱ्यांत दोन काका पण आहेत.

पुस्तक घ्यायच्या आधी एक काम करायचं. या लेखिका बहुतेक वेळा सुरुवातीला एक पान देतात, ट्रिगर वॉर्निंग किंवा ऑथर्स नोट, त्यात आत काय काय आहे त्याची यादी असते. किंडलवर सॅम्पल फुकट उतरवता येतं, ते पान बहुतेकदा त्यात येतंच. ते वाच. नॉनकॉन लिहिलं असेल तर संमती नाहीच, डबकॉन म्हणजे संमती संशयास्पद, सीएनसी म्हणजे दोघांनी आधी ठरवून केलेलं नाटक. हे तीन वेगळे आहेत, आणि तुझ्या बाबतीत चौथा शब्द बघायचा तो म्हणजे ट्रॅफिकिंग, आणि त्याच्या पुढे ‘ऑन पेज’ लिहिलंय का ‘ऑफ पेज’. ऑफ पेज असेल तर उल्लेख येऊन जातो, प्रसंग डोळ्यासमोर घडत नाही. काही जणींना ती यादी म्हणजे आधीच गोष्ट फोडल्यासारखी वाटते. मला नाही वाटत. पाटणकर काढ्याच्या बाटलीवर काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं म्हणून त्याचा कडूपणा कमी होतो का.

किंडल अनलिमिटेडचं म्हणशील, म्हणजे ठरावीक पैसे भरून ई-बुकं वाचायची अ‍ॅमेझॉनची योजना, तर या प्रकारातली पुष्कळ पुस्तकं तिथे सापडतात, कारण स्वतः छापणाऱ्या लेखिका अ‍ॅमेझॉनशी नव्वद-नव्वद दिवसांचा करार करतात की ई-बुक दुसरीकडे विकणार नाही. मग एखादी सिरीज गाजली, मोठ्या प्रकाशकाने उचलली, की ती तिथून अचानक गायब होऊ शकते. तेव्हा सिरीज अर्धी झालेली असेल तर पुढचे भाग लगेच उतरवून ठेव. आणि स्टेशनबाहेर पथारीवर मिळतात त्या प्रती घेऊ नकोस, पुण्य-पाप बाजूला ठेव, नुसत्या व्यवहाराचं सांगते. मी एकदा घाईत अशीच एक प्रत घेतली, आत सोळा पानांचा एक फर्मा दोनदा आणि त्याच्या पुढचा फर्मा गायबच. पहिली मेंबर म्हणाली, ताई काय भारी लिहिलंय, नायिकेला स्मृतिभ्रंश झालाय आणि तोच दिवस ती पुन्हा जगतेय! मला पुढे बोलायची हिंमत झाली नाही.

अठराच्या खालच्या मुलींना मी यातलं काहीच देत नाही. रीलमध्ये गुलाबाचं फूल आणि मास्क बघून नववी-दहावीतल्या येतात, कव्हरही असं गोड की आई शेजारी उभी राहून “दे ना गं, वाचतेय तर वाचू दे” म्हणते. मग मी त्या आईलाच इशाऱ्यांचं पान वाचायला देते. आतापर्यंत एकीनेही दुसऱ्यांदा आग्रह केलेला नाही.

तू शेवटी विचारलंयस की असलं आवडतं म्हणजे माझ्यात काही चुकतंय का, होणारी सासू पुस्तक बघून काय म्हणेल. सासूचं सोपं आहे, खाकी कव्हर घाल, माझ्याकडे रोल आहे. दुसऱ्याचं असं की हे काही रीलवाल्यांनी काढलेलं नाही. ई. एम. हलचं ‘द शेख’, वाळवंटात पळवून नेलेल्या बाईची गोष्ट, १९१९चं आहे, दोन वर्षांत त्याच्यावर सिनेमाही आला होता. आपल्याकडे चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ कथेवर, ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातली, अश्लीलतेचा खटला चालला, उच्च न्यायालयात दोषी ठरले आणि १९६९ला सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. माझे सासरे सांगायचे की काकोडकर मागणारी बायका-माणसं कधीच कमी झाली नाहीत, फक्त पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून न्यायची. झेड पुस्तकात आवडतो कारण पुस्तक मिटता येतं, आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला एक प्रकरण सोडून वाचायला मिळतं. तुझ्या ऐरोलीच्या प्लॅटफॉर्मवर रोज मागे मागे येणाऱ्याच्या डोक्यातलं प्रकरण कोणी छापून देत नाही. तसं कोणी असेलच तर तो थेट गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, पहिल्या खेपेलाच तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ११२ला फोन लावायचा. हे लिहावं लागलं कारण मागच्या वर्षी एका मेंबरच्या बाबतीत मैत्रिणी “अय्या, कित्ती रोमँटिक” म्हणत बसल्या होत्या.

आता व्यवहाराचं. ‘लाइट्स आउट’ बाहेर आहे, तुझा नंबर तिसरा, पंधरा दिवस धरून चाल. ‘बुचर अँड ब्लॅकबर्ड’ आणि ‘स्वीटेस्ट ऑब्लिव्हिअन’ दोन्ही कपाटात आहेत, तुझ्या नावाने शनिवारपर्यंत बाजूला ठेवते. सोमवारी बंद असतं. ऐरोलीहून ठाणे स्टेशनला उतरलीस की पश्चिमेला बाहेर पडून चालत ये, रिक्षावाले एवढ्याशा अंतराला येत नाहीत. येताना हंटिंग अ‍ॅडलिन परत आण, त्याला दोन जणी थांबल्यात. शेवट काय झाला ते मी तोंडी सांगीन, पाच मिनिटांत, घाणेरडा भाग वगळून.